पाठ दुखणाऱ्यांनी सायकल घेताना आधी बसून बघा

काका, गियर किती आणि ब्रँड कुठला हे नंतर बघू, आधी सायकलवर बसल्यावर तुमची पाठ कशी राहते ते बघा. हँडल सीटच्या लेव्हलला किंवा थोडं वर हवं, म्हणजे वाकावं लागत नाही आणि कोपरं जरा सैल राहतात. पण एकदम ताठ बसायची सायकलही नको, कारण मग सगळं वजन मणक्यावर येतं आणि प्रत्येक खड्डा थेट कमरेत जातो, थोडंसं पुढे झुकलेलं बरं. फ्रेम मधे खाली वाकलेली घ्या, पाय उंच टाकून चढायला नको, दुखरी कंबर तिथेच लचकते.

टायर रुंद घ्या, ४० ते ५० मिमी, आणि हवा दगडासारखी टाइट भरू नका, पाठीला खरा आराम तिथे मिळतो. पुढच्या शॉकअपने हाताला बरं वाटतं, पाठीला फारसा फरक नाही, त्यापेक्षा सस्पेन्शनवाला सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा धक्का झेलणारा दांडा, बसवून घ्या.

सीटची उंची मात्र नीट लावाच. पेडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, मग चवड्याने मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट जास्त वर असेल तर कंबर डावी-उजवी डुलते आणि दुखणं वाढतं, लोक उगाच सायकलला दोष देतात. फार मऊ गादीची सीटही नको, रुंदी बरोबर हवी.

घ्यायच्या आधी निदान वीस मिनिटं चालवून बघा, आणि पायात मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.