ध्रुवावर फार उंच जे ढग होतात त्यांनी हवेत नक्की काय बदलतं? आपल्या हवामानाशी त्यांचा काही संबंध?

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून राहवलं नाही.

मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीत, ऐन पंगतीत आमचे साडू मोठ्यांदा म्हणाले, "बडोद्यातल्या फ्रिजचा गॅस म्हणे दक्षिण ध्रुवावर जातो! मग ओझोनला भोक इथे का नाही पडत? नवा गॅस खपवायचा धंदा आहे सगळा." पंगत हसली. साडू सिव्हिल इंजिनियर, मी आयटीआयवाला. मी तोंड उघडेपर्यंत मठ्ठा आला आणि विषय बदलला. तेव्हा राहिलेलं आता ऐका.

जुन्या फ्रिजमधला आर-१२ गॅस शंभरेक वर्षं टिकतो, त्यामुळे कुठेही सुटला तरी जगभर पसरतो. वर गेला की अतिनील किरणांनी फुटतो. त्यातला क्लोरीन एरवी हायड्रोजन क्लोराइड नि क्लोरीन नायट्रेट होऊन गप्प पडून असतो. त्याला मोकळं करतात हे ढग. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात १५ ते २५ किलोमीटरवर पारा उणे ७८ च्या खाली गेला की नायट्रिक आम्ल आणि पाण्याचे कण गोठतात, आणि त्या कणांवर क्लोरीन सुटतो. मोठे कण खाली बसताना नायट्रिक आम्लही घेऊन जातात, मग क्लोरीनला परत बांधणारं कोणी उरत नाही. सप्टेंबरात ऊन आलं की ओझोनचा फडशा! उत्तर ध्रुवावर इतकी थंडी दरवर्षी टिकत नाही. २०२० मध्ये टिकली, तेव्हा तिथेही ओझोन बराच घटला. बडोद्यावर ती थंडी नाही, म्हणून भोक नाही. ढगांचा हा मुद्दा अमेरिकी शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांनी १९८६ मध्येच मांडला होता. मुंज त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली.

हवामानाचं म्हणाल तर ओझोन घटल्याने हवेचा तो वरचा थर अजून गार होतो, आणि दक्षिण गोलार्धातले पश्चिमी वारे उन्हाळ्यात ध्रुवाकडे सरकलेत. कार्बन डायऑक्साइडसुद्धा खाली तापवतो, पण वर गारवाच आणतो, म्हणजे या ढगांच्या पथ्यावरच. बडोद्याच्या मे महिन्याचं खापर मात्र त्यांच्यावर फोडू नका.

तुम्ही एसी काढाल तेव्हा मेकॅनिकला आधी पंप डाऊन करायला, म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटात गोळा करायला लावा. साडूंनी घर बदलताना पैसे वाचवायला आर-२२ या जुन्या, ओझोनला घातक गॅसच्या एसीचा पाइप कापून सगळा गॅस सोडला होता, आणि वर मलाच शहाणपण शिकवत होते. नव्या एसीतला आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता अडवतोच, तोही सोडू नका.

आणि हो, ८० किलोमीटरवर रात्री चमकणारे ढग वेगळे, ते यात धरू नका.