एका सोलर प्लांटचा पीआर (परफॉर्मन्स रेशो) ८१ आणि दुसऱ्याचा ७६ आहे, तर दुसरा प्लांट खराब समजायचा का?

नाही, एवढ्यावरून अजिबात समजू नका. तुम्ही लिहिलंय की दोन्ही प्लांट १० मेगावॉट पीकचे, मॉड्यूल एकाच प्रकारचे, पण एक थंड डोंगराळ भागात आणि दुसरा उष्ण सपाटीवर, आणि आता वरचे लोक उष्ण भागातल्या टीमला जाब विचारतायत की तुमचा पीआर ५ ने कमी का. मी बरीच वर्षं प्लांटच्या डेटावरच काम करतो, आणि अशी तुलना बघितली की मला त्या टीमबद्दल खरंच वाईट वाटतं, कारण त्यांनी बहुतेक काहीच चुकवलेलं नसतं.

आधी पीआर काय ते बघू, म्हणजे मीटरवर आलेले युनिट भागिले आदर्श हिशोबात यायला हवे ते युनिट. मॉड्यूलवर छापलेली क्षमता ही लॅबमधली असते, १००० वॉट प्रति चौरस मीटर ऊन आणि सेलचं तापमान २५ डिग्री. समजा दिवसभरात पॅनलवर ६ किलोवॉट-तास प्रति चौरस मीटर ऊन पडलं, म्हणजे लॅबमधल्या उन्हाचे ६ तास झाले, तर १० मेगावॉटच्या प्लांटने आदर्श हिशोबात ६०,००० युनिट द्यायला हवेत, मीटरवर ४५,६०० आले की पीआर ७६ टक्के. यात ऊन छेदातच असतं म्हणून ढगाळ महिन्याचा दोष प्लांटच्या माथी बसत नाही. सीयूएफमध्ये (कपॅसिटी युटिलायझेशन फॅक्टर, म्हणजे क्षमतेचा किती वापर झाला) तो बसतो, कारण तिथे नुसते वर्षाचे युनिट भागिले क्षमता गुणिले ८७६० तास, आणि त्यातही ती क्षमता कोणी पॅनलची (डीसी) धरतं कोणी ग्रीडला जाणारी (एसी), त्यामुळे सीयूएफ बघायच्या आधी हे विचारूनच घ्या.

पण पीआर ऊन बघतो, तापमान बघत नाही, आणि तुमची सगळी गडबड इथेच आहे. सिलिकॉन मॉड्यूल तापलं की पॉवर कमी देतं, साधारण दर डिग्रीला ०.३ ते ०.४५ टक्के, नेमका आकडा डेटाशीटवर असतो. आपण ०.३५ धरू. उष्ण प्लांटमध्ये उन्हाच्या तासांत सेल सरासरी ५५ डिग्री असेल तर २५ च्या वर ३० डिग्री, म्हणजे १०.५ टक्के तिथेच गेले. थंड प्लांटचा सेल ३५ डिग्री असेल तर फक्त ३.५ टक्के. आता हे नुकसान बाजूला काढायला ७६ ला ०.८९५ ने (१०० मधून १०.५ गेल्यावर उरलेला भाग) भागा, येतात जवळपास ८५, आणि ८१ ला ०.९६५ ने भागा, येतात ८४. म्हणजे ज्या टीमला बोलणी बसतायत त्यांचा प्लांट उलट थोडा जास्तच चांगला चाललाय! तापमानं मी अंदाजाने धरलीत, तुम्ही मॉड्यूलच्या मागे लावलेल्या सेन्सरचा डेटा घ्या आणि सरासरी काढताना नुसत्या तासांची नको, ज्या तासाला ऊन जास्त त्याला वजन जास्त द्या. अमेरिकेतल्या एनआरईएल या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये हवामान-करेक्टेड पीआर मांडला त्यात २५ ऐवजी त्या जागेचं वर्षाचं सरासरी सेल तापमान धरतात, त्याने एकाच प्लांटचा उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार जातो, पण दोन जागांची तुलना करायची तर दोन्हीकडे संदर्भाचं तापमान एकच पाहिजे.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते, ती म्हणजे ऊन मोजणारा सेन्सर. एका प्लांटवर पीआर दोन महिन्यांत हळूहळू वाढत ८८ पर्यंत गेला होता, सगळे खूश, मला मात्र काही पटेना कारण पाऊस नव्हता आणि पॅनल धुतलेले नव्हते, मग वाढेल कशाने? प्रत्यक्ष जाऊन बघितलं तर पायरॅनोमीटरच्या, म्हणजे ऊन मोजणाऱ्या त्या सेन्सरच्या, काचेवर धुळीचा जाड थर. सेन्सर ऊन कमी दाखवत होता, छेद लहान झाला, पीआर फुगला, आणि मळलेले पॅनल त्या आकड्याच्या आड लपून बसले. काच पुसल्यावर खरा पीआर दिसला आणि तेव्हा कुठे पॅनल धुवायचा निर्णय झाला, तोपर्यंत किती युनिट गेले त्याची हळहळ मला अजून वाटते. म्हणून काच कधी पुसली, कॅलिब्रेशन कधी झालं, ही नोंद दोन्ही प्लांटची मागवा. आणि सेन्सर पॅनलच्याच कोनात आहे का तेही बघा. आडव्या सेन्सरवर हिवाळ्यात ऊन कमी मोजलं जातं, तिरक्या पॅनलवर जास्त पडतं, आणि पीआर उगाच चांगला दिसतो. ट्रॅकर (सूर्यामागे पॅनल फिरवणारी रचना) असेल तर सेन्सर ट्रॅकरवरच हवा.

इन्व्हर्टरचंही विचारा, म्हणजे पॅनलची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्राचं. डीसी १३ आणि एसी १० मेगावॉट असेल तर भर दुपारी इन्व्हर्टर वरचं सगळं कापतो, त्याला क्लिपिंग म्हणतात, अशा प्लांटचा पीआर स्वच्छ उन्हाच्या दिवशीच पडतो आणि पॅनलचा त्यात काही दोष नसतो. ग्रीड बंद असलेले तास किंवा वरून उत्पादन कमी करायला सांगितलेले तास हिशोबात आहेत की वगळलेत? मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवतो, कारण नुसते वगळले की प्लांटचे स्वतःचे बिघाडही हळूच त्याच खात्यात टाकले जातात.

बेंचमार्क म्हणून मला विचाराल तर दुसरा प्लांट घेऊच नका, त्या प्लांटचंच मॉडेल घ्या. डिझाइनच्या वेळी केलेल्या सिम्युलेशनमध्ये त्या वर्षाचं प्रत्यक्ष मोजलेलं ऊन, तापमान, वारा घालायचा, येणारे अपेक्षित युनिट आणि मीटरचे युनिट यांचं गुणोत्तर बघायचं. आयईसी ६१७२४-३ या आंतरराष्ट्रीय मानकात हीच पद्धत आहे, आणि मोजमापाचे नियम ६१७२४-१ मध्ये. गुणोत्तर ०.९७ आलं तर लगेच घाबरू नका, सेन्सर आणि मॉडेल मिळून एवढी अनिश्चितता सहज असते, पण ते महिन्यागणिक एकाच दिशेने घसरत असेल तर स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनलची रांग) पातळीवर शोध घ्या. मॉड्यूलची झीज मात्र यातून एका वर्षात दिसणार नाही, ती बऱ्याच अभ्यासांत वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलीय, म्हणजे सेन्सरच्या चुकीपेक्षाही लहान, त्यासाठी चार-पाच वर्षांचा सलग डेटा घेऊन या महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी लागते.

तर मीटिंगच्या आधी मॉड्यूलचं तापमान, सेन्सरचा कोन आणि काच पुसल्याच्या तारखा, एवढं दोन्ही प्लांटकडून मागवा आणि वरचा भागाकार तुमच्या खऱ्या आकड्यांनी करून वरच्या लोकांपुढे ठेवा.