हुपरीची चांदी, वसईची नात आणि ५९ मणी

प्रश्न: ताई, आम्ही कोल्हापूरचे, तीन पिढ्या मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीतले. मुलगी वसईला कॅथलिक घरात दिलीय. नात आठ वर्षांची, पुढच्या महिन्यात तिचं फर्स्ट होली कम्युनियन (पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचा विधी) आहे. विहीणबाई फोनवर सहज बोलून गेल्या की आजीकडनं रोझरी (मरियेच्या प्रार्थनेची जपमाळ) आली तर पोरगी खूष होईल. माझ्या मनात हुपरीच्या चांदीची करून द्यायची आहे पण आमचे हे म्हणतात आपण मरियेची प्रार्थना करत नाही मग तिची माळ आपल्या हातानं कशी द्यायची, बायबल दे आणि मोकळी हो. देऊ का नको? — एक आजी, शाहूपुरी

उत्तर: आजी, द्या की! पण गुजरीत, सराफ बाजारात जायच्या आधी जरा ऐका.

आजोबांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही हं. मी पण तुमच्याच मंडळीतली, आणि अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले तेव्हापासून आपल्याकडं हेच शिकवलंय की मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूनं प्रार्थनेत व्यर्थ बडबड करू नका म्हटलंय आणि देव नि माणसात मध्यस्थ एकच, येशू. त्यामुळं माळ दिसली की आपल्या माणसाच्या कपाळावर आठी पडतेच. पण माझी शाळा सिस्टरांची, तिथं ऑक्टोबर लागला की रोज संध्याकाळी चॅपलमधनं रोझरी ऐकू यायची (त्यांचा तो रोझरीचा महिनाच, ७ ऑक्टोबरला सण), आणि एकदा मी आगाऊपणानं एका सिस्टरना विचारलं की एकच वाक्य पन्नास वेळा म्हणून कंटाळा नाही येत? त्या हसल्या आणि म्हणाल्या अगं तोंड एकीकडं आणि मन एकीकडं असतं. म्हणजे बोटं मणी मोजतात आणि मन येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग बघत असतं. त्याला ते रहस्यं म्हणतात, आनंदाची, दुःखाची, गौरवाची अशी पाच-पाच, आणि प्रकाशाची पाच पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये घातली. मरियेला ते आमच्यासाठी विनंती कर एवढंच म्हणतात, आणि त्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग तर लूकच्या पहिल्या अध्यायातलाच आहे, गब्रिएल दूताचा नमस्कार आणि अलीशिबेचा आशीर्वाद. आजोबांना तेवढा अध्याय काढून द्या. वर हेही सांगा की आपल्या प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या १५२२ च्या प्रार्थनापुस्तकात हा भाग होता. बघा काय म्हणतात ते.

तुम्हाला त्या माळेवर जप करायला कुणी सांगत नाहीये, करणार नात. साडी घेताना आपण नेसणारीला काय शोभेल ते बघतो का आपल्याला, तसंच आहे हे.

आता चांदीचं. मी एकदा एका कॅथलिक मैत्रिणीसाठी चांदीची रोझरी करायला टाकली होती, आणि माझा मूर्खपणा असा की सराफाला नमुना न देता तोंडीच सांगितलं. माळेच्या गोलात ५४ मणी, खाली लोंबत्या भागात ५ आणि शेवटी क्रूस, एकूण ५९. सराफ म्हणाले कळलं कळलं, १०८ ची निम्मी! आणि खरंच ५४ मणी एका मापाचे, एकाला एक चिकटून, वर छान मेरुमणी काढून माळ हातात दिली. मोजणी बरोबर पण रोझरी काही ती नव्हे. कारण १० मणी झाले की थोडी मोकळी साखळी, मग एक सुटा मणी, परत मोकळी साखळी, आणि पुढचे १०, अशी ती रचना असते. दहावर मरियेची प्रार्थना, सुट्यावर प्रभूची प्रार्थना, आणि लाइट गेलेली असली तरी बोटाला कळतं आपण कुठं आलोय. मैत्रीण काही बोलली नाही पण तिनं ती माळ कधी वापरलेली मला दिसली नाही. पुन्हा मोडून करायची मजुरी वेगळी गेली असती म्हणून तशीच राहिली. तेव्हा सराफाकडं जाताना खरी रोझरी नमुना म्हणून न्या, आणि क्रूसावर येशूची आकृती पाहिजे हेही सांगा, आपल्याकडं क्रूस रिकामा असतो त्यामुळं आपल्या डोक्यातनं ते निसटतं.

आणखी एक म्हणजे मुलीला आधी फोन करा. गॉडमदरनं घेऊन ठेवली असेल, काकूनं घेतली असेल, पोरीकडं चार-चार रोझऱ्या जमतात. आणि आठ वर्षांच्या पोरीच्या हातात बारीक चांदीची साखळी किती दिवस टिकणार? रोजची लाकडी मण्यांची, जाड दोऱ्यात ओवलेली, आणि चांदीची आईच्या कपाटात, असं मी केलं असतं. आशीर्वाद तिथले फादर देतील, फक्त माळ मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) आधी त्यांच्यापर्यंत पोचायला पाहिजे.

आजोबांना बायबलच द्यायचं असेल तर त्यांनी वेगळं द्यावं पण कॅथलिक आवृत्ती बघून. आपल्या बायबलात ६६ पुस्तकं, त्यांच्यात ७३. तोबित, यहूदीथ, मक्काबी वगैरे आपल्यात नसतात. कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात सिस्टरनं तोबित काढा म्हटलं आणि पोरगी पानं उलटत बसली तर दोष आजोबांवर येणार.

प्रश्न: मी गडहिंग्लजचा, कॅथलिक. कोल्हापुरात ज्यांच्याकडं भाड्यानं राहतो ते काका-काकी मंडळीतले आहेत, मला पोरासारखं बघतात. वेलंकनीहून (तमिळनाडूतलं मरियेचं तीर्थक्षेत्र) त्यांच्यासाठी रोझरी आणली तर चालेल का?

उत्तर: नको रे बाबा. काकी प्रेमानं घेतील आणि कपाटात ठेवतील आणि दर वेळी तू घरी आलास की त्यांना ती बाहेर काढावी का असा प्रश्न पडेल. त्यांना साधा लाकडी क्रूस दे, आकृती नसलेला. नाहीतर मोठ्या टायपातलं गीतांचं पुस्तक, ना. वा. टिळकांची गीतं काकींना पाठ असतील पण चष्म्यातनं बारीक अक्षर दिसत नसेल. प्रोटेस्टंट लोक माळ वापरतच नाहीत असं नाही म्हणा, अमेरिकेत १९८० च्या दशकात अँग्लिकन लोकांनी ३३ मण्यांची माळ काढली, येशूच्या ३३ वर्षांची आठवण म्हणून, आणि मरियेच्या प्रार्थनेची अटही त्यात नाही. पण ते काकींना समजावत बसायला तुझ्याकडं वेळ आहे का?

प्रश्न: ताई, मी हिंदू आहे, ऑफिसातल्या मैत्रिणीनं रोझरी दिली. गळ्यात घालू का गाडीच्या आरशाला लावू?

उत्तर: गळ्यात दागिन्यासारखी घातलेली बऱ्याच कॅथलिकांना खटकते, तुळशीची माळ कुणी फॅशन म्हणून घातली तर वारकऱ्याला वाटेल तसं. आरशाला पुष्कळजण लावतात, पण ब्रेक मारला की डोळ्यांसमोर हेलकावे खाते, त्यापेक्षा छोट्या डबीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव. देवघरात ठेवलीस तरी मैत्रिणीला वाईट वाटायचं कारण नाही, तिलाच विचार ना, रोज बाजूच्या टेबलावर तर बसते.