ह्यूस्टनमध्ये केल कधी लावायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही मूळचे नाशिकचे, आता ह्यूस्टनला असतो. मागच्या अंगणात केल (kale, हिरव्या पानांची थंडीतली पालेभाजी) लावायचंय. बियांच्या पाकिटावर लिहिलंय शेवटच्या फ्रॉस्टच्या (दव गोठून पानांवर बर्फ धरतं त्या थंडीच्या) चार-सहा आठवडे आधी पेरा, आणि शेजारच्या आजी म्हणतात ऑक्टोबरशिवाय हातच लावू नकोस. ऐकायचं कुणाचं? आणि थंडीत झाकावं लागतं का?

उत्तर: आजींचं ऐका! पाकीट खोटं नाही हो, पण ते लिहिलंय उत्तरेकडच्या लोकांसाठी, ज्यांची जमीन हिवाळाभर गोठलेली असते. तुमच्याकडे केलचा वैरी थंडी नाहीच, ऊन आहे. पाकिटाचं ऐकून जानेवारीत पेरलंत तर रोप जरा अंग धरतंय तोवर एप्रिल-मेचा उकाडा येतो, पानं कडू, राठ, वर मावा.

म्हणून तुम्ही पहिल्या फ्रॉस्टची तारीख धरायची आणि तिथून मागे मोजायचं. ह्यूस्टनला तो साधारण डिसेंबरात पडतो, शहराबाहेर उत्तरेला थोडा आधी. सहा-आठ आठवडे मागे गेलं की आलाच ऑक्टोबर, तेव्हा रोपं जमिनीत हवीत, म्हणजे बी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरवातीला टाकायचं, पण बाहेर उन्हात नाही, तेव्हा तिथे 34-35 अंश असतं, ट्रे सावलीत ठेवा. नाशिककडे कोबी-फ्लॉवरची रोपं करतात ना तसंच, केल त्याच कुळातलं.

झाकायचं म्हणाल तर मुरलेल्या झाडाला हलक्या फ्रॉस्टने काही होत नाही, उलट गोठू नये म्हणून झाड स्टार्चची साखर करतं आणि पानं गोड लागतात. पण फेब्रुवारी 2021 सारखं पारा उणे 10 पर्यंत जाणार असेल तर आदल्या संध्याकाळी मातीला पाणी द्या, जुनी चादर जमिनीला टेकेल अशी टाका, चार बाजूंनी विटा ठेवा आणि ऊन वर आलं की काढा. नुसतं प्लॅस्टिक पानांना चिकटू देऊ नका, जिथे चिकटतं तिथेच पान जळतं.

ह्यूस्टनचा सगळ्यात छोटा दिवससुद्धा सव्वादहा तासांचा, त्यामुळे केल हिवाळाभर वाढत राहतं, खालची पानं खुडत जा, मधला कोंब सोडा. मावा दिसला तर पान उलटं करून पाइपने जोरात पाणी मारा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मार्च-एप्रिलात पिवळी फुलं आली की समजा संपलं, त्या कोवळ्या दांड्यांची पीठ पेरून भाजी करा (भारी लागते) आणि वाफा अंबाडी नाहीतर चवळीला द्या, त्यांना तिथला उन्हाळा मानवतो.