प्रश्न तुमचे : फोन हवा, पण व्यत्यय नको

प्रश्न : मी जीएसटी रिटर्न भरायची कामं करतो. चाळीसेक पार्ट्या आहेत. बिलांचे फोटो दिवसभर व्हॉट्सॲपवर येत राहतात आणि ओटीपीसाठी फोन जवळ लागतोच. १४ ते २० तारखेच्या दरम्यान एकही काम सलग होत नाही. फोन बंद ठेवणं परवडत नाही. काय करावं?
– करसल्लागार, इचलकरंजी

उत्तर : फोन बंद करूच नका. तुमच्याकडे दोन जातीची कामं आहेत आणि ती दिवसभर एकमेकांत मिसळली आहेत, खरी अडचण तिथे आहे. ओटीपी लागतो तो रिटर्न दाखल करताना. १४ तारखेला तयार होणारी २-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणारी खरेदीची यादी) एकदा डाउनलोड करून घेतली की खरेदीची बिलं तिच्याशी जुळवणं, क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) तपासणं, ३-बीचे म्हणजे कर भरायच्या रिटर्नचे आकडे काढणं यातल्या कशालाही फोन लागत नाही. डोकं मात्र इथेच सगळ्यात जास्त लागतं. म्हणून सकाळी ९ ते ११.३० फक्त ताळमेळ, फोन दुसऱ्या खोलीत. पाच-सहा पार्ट्यांचं काम तयार झालं की दुपारी ३ ते ४ मध्ये ओळीने दाखल करा. फोन टेबलावर तेवढाच वेळ. ज्यांचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो, त्यांना आदल्या दिवशीच कळवा की उद्या ३ ते ४ फोनजवळ राहा. नाहीतर एकेका ओटीपीसाठी वीस मिनिटं जातात आणि त्या वीस मिनिटांत आपण इतर मेसेज चाळू लागतो.

पार्ट्यांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. त्यात ठरलेल्या वेळात आपोआप जाणारा ‘अवे मेसेज’ लावता येतो. मजकूर नेमका हवा : “मेसेज पोहोचला. मी ११.३०, १.३० आणि ५.३० वाजता मेसेज पाहतो. आजच हवं असेल तर फोन करा.” नुसतं ‘लवकरच संपर्क करू’ लिहिलं तर माणूस दहा मिनिटांनी पुन्हा विचारतो, आणि ते साहजिकच आहे. इथे एक चूक हमखास होते. शांतता हवी म्हणून आपण इंटरनेटच बंद करतो आणि मग हा मेसेजही जात नाही. नेट चालू ठेवा, नोटिफिकेशन बंद करा. ठरवलेली वेळही पाळा. दोनदा चुकली की पार्ट्या पुन्हा थेट फोन करायला लागतील.

‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये कॉन्टॅक्टमधल्या लोकांचे कॉल चालू ठेवा आणि ‘रिपीट कॉलर’ही चालू करा. अँड्रॉइडवर त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर रिंग वाजते, आयफोनवर ३ मिनिटांत आला तर. घरी म्हातारे आई-वडील असतील तर हे लावल्याशिवाय फोन दुसऱ्या खोलीत ठेवूच नका. जीव तिकडेच लागून राहतो. कंप्युटरवर व्हॉट्सॲप वेबचा टॅब बंद हवा, कारण न वाचलेल्या मेसेजचा आकडा टॅबच्या नावातच दिसतो.

तरीही काम मध्येच सोडावं लागलं तर उठण्यापूर्वी कागदावर एक ओळ लिहा : “४७ व्या बिलापर्यंत जुळलं. ४८ चा जीएसटी नंबर तपासायचा.” काम अर्धवट सोडलं की लक्षाचा काही भाग त्याच कामात अडकून राहतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं. कुठवर आलो आणि पुढे काय करायचं हे लिहून ठेवल्याने तो अडकलेपणा कमी होतो, असं त्यांच्याच २०१८ च्या संशोधनात दिसलं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि या उत्तरातलं हेच सगळ्यात आधी सुरू करावं असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : पुण्यात अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करते. नोट्स टेलिग्रामवर, लेक्चर यूट्यूबवर. फोन लांब ठेवला तर अभ्यासच थांबतो.
– विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : टेलिग्रामच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये चॅनल आणि ग्रुप एकाच ठिकाणी बंद करता येतात, एकेक म्यूट करत बसू नका. रात्री एकदाच, २० मिनिटांत, हव्या त्या पीडीएफ उतरवून घ्या. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या नोट्सच्या झेरॉक्स काढा आणि चालू घडामोडी छापील वर्तमानपत्रातून करा. दिवसाचा निम्मा अभ्यास तरी फोनबाहेर आला पाहिजे.

यूट्यूबवर वॉच हिस्ट्री बंद करा आणि जुनी पुसूनही टाका. दोन्ही केलं तरच पहिल्या पानावरच्या शिफारशी जातात. नुसती बंद केली तर आधी पाहिलेल्याच्या आधारे त्या येत राहू शकतात. ऑटोप्लेही बंद करा. शॉर्ट्सचं बटण आणि व्हिडिओखालची यादी मात्र राहतेच, म्हणून लेक्चर आदल्या रात्रीच प्लेलिस्टमध्ये टाका आणि थेट तिथूनच उघडा. हिस्ट्री नसल्याने कुठवर पाहिलं ते यूट्यूब लक्षात ठेवणार नाही. वहीच्या समासात मिनिट लिहीत चला.

प्रश्न : सोसायटी, माहेर, सासर मिळून अकरा ग्रुप. म्यूट केले तर लोकांना कळतं का? वाईट वाटेल अशी भीती वाटते.
– वाचक, ठाणे

उत्तर : कळत नाही. ‘नेहमीसाठी’ म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका; नवे मेसेज आले तरी ग्रुप वर येत नाही. कुणी तुमचं नाव घेऊन विचारलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर तेवढं कळतं. निळी टिक बंद केली तरी ती सवलत ग्रुपमध्ये लागू होत नाही, तिथे ‘वाचलं’ हे दिसतंच.

प्रश्न : ॲपला अर्ध्या तासाची मर्यादा लावते, पण मीच ती वाढवते.
– वाचक, नाशिक

उत्तर : कुलूप आणि किल्ली एकाच हातात असल्यावर हे होणारच. आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड बहिणीला किंवा मैत्रिणीला टाकायला सांगा आणि मर्यादा लावताना ‘संपल्यावर ब्लॉक’ हा पर्यायही चालू करा. तो नसेल तर ‘दुर्लक्ष करा’ बटण दाबून पुढे जाता येतं. अँड्रॉइडचा टायमर सेटिंगमधून सहज निघतो, त्यामुळे तिथे ॲपच काढून टाका. ब्राउझरमधून वापरा, दर वेळी लॉगआउट करा आणि पासवर्ड फोनमध्ये सेव्ह न करता कागदावर लिहून कपाटात ठेवा.