मोटर पाणी ओढत नाही, हवा ते ढकलते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विहिरीचं पाणी उन्हाळ्यात 35 फुटांवर गेलंय, काठावरची 3 एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच जोडणीत) ते उचलेना, मग 5 एचपीची बसवली तर जास्त जोराने ओढेल का?

नाही. 5 ची बसवा नाहीतर 10 ची, काठावर ठेवून काही उपयोग नाही. कृपा करून त्यात पैसे घालू नका. आमच्या वडिलांनी एका उन्हाळ्यात हेच केलं होतं. नवी मोटर आणली, पाणी ओतून भरली, बटण दाबलं आणि तीही जुनीसारखीच नुसती घोंगावत राहिली. मी तेव्हा अकरावीत होतो. बळ म्हणजे ओढणं किंवा ढकलणं, हे पाठ होतं. पण समोरच्या पाइपात काय बिनसलंय ते वडिलांना सांगता आलं नाही. ती रुखरुख अजून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोराने बादली ओढता येते, कारण दोराचे तंतू एकमेकांना घट्ट धरून असतात. पाइपातल्या पाण्याला वरून धरणारं काहीच नसतं. मोटरीतला पंखा आतलं पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे सक्शन पाइपातला (विहिरीतून मोटरीकडे येणाऱ्या पाइपातला) दाब उतरतो. त्या बाजूला मोटर करते ते एवढंच. पाणी वर चढवते ती विहिरीतल्या पाण्यावर दाब देणारी बाहेरची हवा. ती ढकलते.

पटत नसेल तर शहाळं आणि दोन स्ट्रॉ घ्या. एक स्ट्रॉ शहाळ्यात, दुसरी बाहेर, दोन्ही एकदम तोंडात धरून प्यायचा प्रयत्न करा. पाणी तोंडापर्यंत येणार नाही. बाहेरच्या स्ट्रॉमधून हवा आत येत राहते, तोंडातला दाब उतरत नाही, मग शहाळ्यातलं पाणी वर ढकलायचं कोणी? सक्शन पाइपाला बारीक चीर गेली की मोटर हवा धरते, तेही ह्याच कारणाने.

आता हवेत किती जोर आहे ते बघा. समुद्रसपाटीला ती दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलो वजनाइतका दाब देते. तेवढ्याच तोंडाची 10 मीटर उंच नळी पाण्याने भरली तर त्यात बरोबर 1 लिटर पाणी मावतं, म्हणजे 1 किलो. मोटरीने पाइपातला दाब पूर्ण उतरवला तरी इथे दोन्ही पारडी सारखी झाली, पाणी थांबलं. नेमका आकडा 10.3 मीटर, म्हणजे सुमारे 34 फूट. पाइप जाड घेतल्यानेही फरक पडत नाही. पाण्याचं वजन वाढतं तसा हवेचा जोरही वाढतो. इटलीत पंपवाल्यांना ही मर्यादा अनुभवाने माहीत होती, गॅलिलिओने 1638 मध्ये तिच्याबद्दल लिहिलं, पण कारण त्याला सापडलं नाही. त्याचा शिष्य टोरिचेलीने 1643 च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. पारा 76 सेंटिमीटरवर थांबला आणि हवेचा दाब मोजता आला.

पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आहे, तिथे हवा थोडी विरळ, म्हणून मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. त्यात भर म्हणून फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप), बेंड आणि पाइपातलं घर्षण. शिवाय दाब फारच उतरला तर पंपात पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात, आत खडी फिरल्यासारखा आवाज येतो आणि पंखा खराब होतो. त्यामुळे प्रत्यक्षात 20-22 फुटांच्या वर भरवसा ठेवू नये.

उपाय: मोटर पाण्याजवळ न्या. विहिरीत लोखंडी अँगल टाकून पाण्यापासून 15 फुटांच्या आत बसवा (मेन स्विच आधी बंद, आणि पावसाळ्याआधी ती वर काढायची आठवण ठेवा). नाहीतर सबमर्सिबल घ्या. ती पाण्यात बुडून खालून ढकलते आणि ढकलण्याला 34 फुटांची अट नाही. तिथे मात्र जास्त एचपी खरोखर कामाला येते. गावातल्या बोअरवरच्या हापशाचंही तसंच: दांडा वर असला तरी सिलिंडर खोल पाण्यात असतो.

राहता राहिली तुमच्या विहिरीकाठची नारळाची झाडं. ती 60-70 फुटांवर पाणी नेतात, तेही मोटरीशिवाय. तिथे पाणी खरंच ओढलं जातं: अतिशय बारीक नलिकांत पाण्याचे कण एकमेकांना सोडत नाहीत, आणि पानांतून पाणी उडून जाईल तशी खालची सगळी धार दोरासारखी वर येते.