पीएचडीसाठी जर्मनीत येताय? आधी प्रश्न ठरवा, शहर नंतर

तुम्ही विचारलंय: भौतिकशास्त्रात एमएस्सी झालंय, हवामान, समुद्र, जंगलं आणि माणूस यांचा एकत्रित अभ्यास करायचाय, पीएचडीला जर्मनीत यायचं मनात आहे. कोणत्या संस्थेला लिहू आणि तयारी काय करू?

संस्थेचं नंतर बघू. ‘मला जागतिक पर्यावरण बदलात रस आहे’ अशा वाक्यानं सुरू होणारं पत्र बाजूला पडतं. त्याऐवजी असं काही लिहा: दुष्काळात जंगलाचं कार्बन शोषणं मंदावतं, ते मातीत पाणी उरत नाही म्हणून की हवा फार कोरडी होते म्हणून? या एका प्रश्नाला वनस्पतिशास्त्र, वातावरणशास्त्र आणि संख्याशास्त्र तिन्ही लागतात. बहुशाखीय काम म्हणतात ते हेच. तुमचे पाय मात्र एका शाखेत पक्के हवेत. शेजारच्या शाखेतल्या माणसाशी नीट बोलता आलं की सुरुवातीला पुरे. सगळ्यातलं थोडं थोडं येणाऱ्या माणसाला नेमकं कोणतं काम द्यायचं हे संशोधन गटाला कळत नाही.

प्रश्न ठरला की यादी आपोआप लहान होते. कार्बनचक्र आणि परिसंस्था असतील तर येना इथली मॅक्स प्लँक संस्था, वातावरण आणि समुद्राची मॉडेलं असतील तर हॅम्बुर्गची. ध्रुवीय प्रदेशांसाठी ब्रेमरहाफेनची आल्फ्रेड वेगेनर संस्था, हवामान आणि समाज-अर्थकारण यांच्या सांध्यावर काम करायचं तर पॉट्सडॅमची हवामान-परिणाम संशोधन संस्था. यांपैकी कुठलीही संस्था स्वतः डॉक्टरेट देत नाही, ती विद्यापीठ देतं. म्हणून मुलाखतीतच विचारून घ्या: नोंदणी कोणत्या विद्यापीठात, आणि माझी पदवी तिथल्या विद्याशाखेला चालेल का? संस्थेत नोकरी मिळाली म्हणजे विद्यापीठात प्रवेश मिळाला असं नसतं. विद्याशाखा मागाहून जादा अभ्यासक्रम करायला लावू शकते.

आता तयारी. प्रमाणपत्रांपेक्षा एक छोटं, कुणालाही पुन्हा चालवून बघता येईल असं काम दाखवा. एका नदीखोऱ्याचा पाऊस घ्या, ईआरए५ (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून तयार केलेली मागच्या हवामानाची नोंद) आणि सीएमआयपी६ (जगभरच्या हवामान मॉडेलांची तुलना करणारा प्रकल्प) यातलं एखादं मॉडेल यांची तुलना करा, कोड गिटवर, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवा. सोपं वाटतं, पण अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. मॉडेलचा पाऊस किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असा येतो. ८६,४००नं (दिवसातले सेकंद) गुणलं की मिलिमीटर प्रतिदिन. ईआरए५चा तासाचा पाऊस मीटरमध्ये असतो आणि वेळेचा शिक्का तास संपतानाचा असतो. म्हणजे रात्री ००:०० ची नोंद आदल्या दिवसाची. हे नजरेतून सुटलं की रोजची बेरीज एका तासानं सरकते, आणि महिन्याच्या सरासरीत ती चूक दिसतही नाही. काही ब्रिटिश मॉडेलांचं वर्ष ३६० दिवसांचं असतं, त्यात ३० फेब्रुवारी येतो. नेहमीची तारीख-लायब्ररी तिथे कोलमडते. रेखांश कुठे ० ते ३६०, कुठे −१८० ते १८०. जागतिक सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनचा भार द्यायचा, कारण अक्षांश-रेखांशांच्या जाळीत ६० अंशांवरच्या चौकटीचं क्षेत्रफळ विषुववृत्तावरच्या चौकटीच्या निम्मं असतं. आणि पाऊस एका जाळीवरून दुसरीवर नेताना बायलिनियर (शेजारच्या चार बिंदूंवरून अंदाज काढणारी) पद्धत नको, एकूण पाणी कायम राखणारी पद्धत घ्या. यातल्या दोन-तीन गोष्टी तुम्ही स्वतः पकडल्यात हे कोडमधल्या टिपणीत दिसलं, तर गटप्रमुख लगेच ओळखतो.

पत्र एका पानाचं. त्या गटाच्या एका ताज्या शोधनिबंधातली एक उणीव आणि ती भरायला तुम्ही काय कराल, एवढं पुरेसं. एकच मजकूर वीस जणांना पाठवलेला ओळखू येतो.

करार नीट वाचा, इथे बरेच जण घाई करतात. पीएचडीची जागा बहुधा नोकरीच असते, पण अनेकदा ६५ टक्क्यांची. पगार त्याच प्रमाणात कमी, काम प्रत्यक्षात पूर्णवेळ. शिष्यवृत्ती असेल तर पेन्शन आणि बेरोजगारी विमा त्यात येत नाही, आरोग्य विम्याचा खर्च कोण उचलणार तेही विचारा. करार बहुधा तीन वर्षांचा असतो आणि अशी कामं चौथ्या वर्षात जाणं नेहमीचं आहे, विशेषतः मोजमापाची उपकरणं स्वतः उभारायची असली तर. मुदतवाढीचा पैसा कुठून येणार, हे सही करण्यापूर्वी स्पष्ट विचारा. हा प्रश्न उद्धट समजला जात नाही.

आल्यावर पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. तात्पुरत्या खोलीचे काही मालक तो देत नाहीत. नोंदणी नाही तर कर-क्रमांक नाही, आणि तो नसला की पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दरानं कर कापला जाऊ शकतो. खोली ठरवतानाच दाखल्याचं विचारून घ्या.